मजा संपली तरी तलफ का संपत नाही?

एमडी किंवा कोकेनच्या आहारी गेलेल्या मुलाच्या घरात एक प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. "आता त्यात मजाही येत नाही म्हणतोस, मग घेतोस कशाला?" आई रडत विचारते, वडील चिडून विचारतात, बायको थकून विचारते. तो गप्प राहतो. घरचे त्या गप्प राहण्याचा अर्थ निर्लज्जपणा असा लावतात. पण बहुतेक वेळा त्याच्यापाशीही उत्तर नसतं. मजा येत नाही हे खरं असतं आणि घेतल्याशिवाय राहवत नाही हेही तितकंच खरं असतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबाबत एकाच वेळी खऱ्या कशा असतात, हे मेंदूच्या अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत बऱ्याच अंशी उलगडलं आहे. घराघरापर्यंत मात्र ते फारसं पोचलेलं नाही, म्हणून हा लेख.

आधी कोणत्या पदार्थांविषयी बोलतोय ते सांगतो. दारू आणि गर्द माणसाला सुस्त करतात. उत्तेजक पदार्थांचं उलटं असतं. झोप उडते, भूक मरते, बोलणं थांबत नाही, आपल्याला काहीही जमेल असं वाटू लागतं. कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन, मेथाम्फेटामाइन म्हणजे 'क्रिस्टल' किंवा 'आइस', हे सगळे याच घराण्यातले. आपल्याकडे बातम्यांत सतत येणारं एमडी, म्हणजे मेफेड्रोन, हेही त्यातलंच. पूर्व आफ्रिका आणि येमेनमध्ये लोक 'खात' नावाच्या झुडपाची पानं चघळतात. त्यातल्या उत्तेजक द्रव्याचा एमडी हा प्रयोगशाळेतला भाऊबंद. १९२९ साली तो पहिल्यांदा तयार झाला आणि विस्मरणात गेला. या शतकाच्या सुरुवातीला युरोपात तो पुन्हा वर आला आणि मग मुंबईत पुडीतून मिळू लागला. भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये तो एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आला, तोवर त्याच्यावर त्या कायद्याने कारवाई करता येत नव्हती. त्यानंतरही तो थांबला नाही. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी एमडीचे कारखाने उघडकीला आणले. म्हणजे हा पदार्थ आता परदेशातून येतो असं म्हणायची सोय उरलेली नाही.

हे सगळे पदार्थ मेंदूत प्रामुख्याने एकाच ठिकाणी हात घालतात. मेंदूच्या मध्यभागी, खोलवर, चेतापेशींचा एक छोटा पुंजका आहे. तिथून निघणारे तंतू न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स नावाच्या भागात जातात, आणि काही थेट कपाळामागच्या भागापर्यंत पोचतात. या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये अतिसूक्ष्म फट असते. एक पेशी त्या फटीत डोपामाइन हे रसायन सोडते, पलीकडच्या पेशीवरचे रिसेप्टर ते टिपतात आणि निरोप पोचतो. काम झालं की पहिली पेशी उरलेलं डोपामाइन परत आत ओढून घेते. त्यासाठी तिच्या आवरणात खास प्रथिनं असतात. विहिरीतून पाणी उपसणाऱ्या पंपासारखं त्यांचं काम चालतं: फटीतून उपसायचं, पेशीत भरायचं, पुढच्या वेळी वापरायचं.

कोकेन हा पंप बंद पाडतं. डोपामाइन फटीत साचून राहतं आणि निरोप वाजतच राहतो. अ‍ॅम्फेटामाइन, मेथ आणि एमडी यांची चाल आणखी वाईट आहे. ते त्याच पंपातून पेशीच्या आत शिरतात, आतला डोपामाइनचा साठा बाहेर काढायला लावतात आणि पंपच उलटा फिरवतात. आत ओढण्याऐवजी तो डोपामाइन बाहेर फेकू लागतो. उंदरांच्या मेंदूत केलेल्या मोजमापांत चविष्ट खाण्याने या भागातलं डोपामाइन साधारण दीडपट होतं. कोकेनने ते तिप्पट-चौपट होतं आणि अ‍ॅम्फेटामाइनने दहापटीपर्यंत जाऊ शकतं. जेवण, मैत्री, शरीरसुख, परीक्षेतलं यश, यांपैकी कशानेही ती पातळी गाठता येत नाही. उत्क्रांतीत मेंदूला अशा आकड्याशी कधी गाठ पडलेलीच नव्हती.

वेगालाही इथे मोठं महत्त्व आहे. लक्ष न लागणाऱ्या, अतिचंचल मुलांना दिलं जाणारं मेथिलफेनिडेट हे औषधही हाच पंप अडवतं. तरी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळीतून घेतलं की त्याची नशा चढत नाही, कारण ते पोटातून हळूहळू मेंदूत पोचतं. ज्या पालकांच्या मुलांना हे औषध सुरू आहे त्यांनी हा लेख वाचून घाबरून ते बंद करू नये. नाकाने ओढलेला, धुरातून घेतलेला किंवा शिरेत टोचलेला पदार्थ काही सेकंदांत किंवा मिनिटांत मेंदू गाठतो, आणि डोपामाइन जितक्या झटक्यात वर जातं तितकी त्याची सवय घट्ट बसते. उतरण्याचा वेगही त्रास वाढवतो. मेथचा अर्धा भाग शरीरातून जायला दहा-बारा तास लागतात, कोकेनचा तासाभरात निघून जातो. एमडीचा अंमलही लवकर ओसरतो. म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा ओढलं जातं आणि सकाळपर्यंत पुडी संपलेली असते.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येतो. डोपामाइन म्हणजे 'आनंदाचं रसायन' असं आपण जिथेतिथे वाचतो. या समजाचं मूळ जुनं आहे. १९५४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. उंदराने खटका दाबला की मेंदूतल्या ठरावीक जागी विजेचा सौम्य प्रवाह जायचा. उंदीर तो खटका दाबतच राहिले, पुढच्या प्रयोगांत तर तासाला हजारो वेळा. मेंदूतलं सुखाचं केंद्र सापडलं असं तेव्हा वाटलं, आणि पुढे डोपामाइनचा त्यातला सहभाग कळल्यावर त्यालाच सुख मानलं गेलं.

मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी या समजाला तडा दिला. त्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ नाहीसं केलं. ते उंदीर समोर अन्न असूनही उपाशी बसून राहिले. नळीने भरवावं लागलं. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच ओठ चाटायचे. गोड चव लागली की तान्ही बाळंही असंच करतात. म्हणजे त्यांना गोड आवडत होतं, पण ते मिळवायला उठावंसं वाटत नव्हतं. याउलट डोपामाइन वाढवलेले प्राणी खाण्यामागे जास्त धावले, पण खाताना त्यांचं ओठ चाटणं काही वाढलं नाही. निष्कर्ष असा की एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीहवीशी वाटणं ही मेंदूत दोन वेगळी कामं आहेत. रोजच्या जगण्यात ती हातात हात घालून चालतात म्हणून आपल्याला ती एकच वाटतात. डोपामाइनचा मुख्य संबंध दुसऱ्या कामाशी आहे.

१९९३ साली या दोघांनी व्यसनाविषयी एक सिद्धांत मांडला, आणि माझ्या मते घरच्यांना समजावून सांगण्यासारखी ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. पदार्थ पुन्हा पुन्हा घेतल्याने हवेपणाची यंत्रणा अधिकाधिक संवेदनशील होत जाते. आवडण्याची यंत्रणा तशी होत नाही. सवयीने ती उलट बोथट होते. सुरुवातीला मजा आणि ओढ सोबत असतात. काही महिन्यांनी मजा मागे पडते आणि ओढ पुढे निघून जाते. "मजा येत नाही, तरी घेतो" हे सांगणारा मुलगा खोटं बोलत नसतो. तो आपल्या मेंदूचं अगदी नेमकं वर्णन करत असतो.

यात आणखी एक गुंता आहे. स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांचा रस देऊन त्यांच्या डोपामाइन-पेशींचं काम टिपलं. रस अनपेक्षितपणे मिळाला की पेशी जोरात काम करायच्या. रसाआधी नेहमी एक खूण दिसते हे माकड शिकलं, की त्या पेशी खुणेलाच प्रतिसाद द्यायच्या, रस मिळाल्यावर शांत राहायच्या. आणि खूण दाखवूनही रस दिला नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जायचं. थोडक्यात, डोपामाइन मेंदूला सांगतं: अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं, हे लक्षात ठेव. जेवणाच्या बाबतीत हे शिकणं कधीतरी थांबतं, कारण अपेक्षा आणि अनुभव जुळतात. उत्तेजक पदार्थ मात्र डोपामाइन रासायनिक जबरदस्तीने वर ढकलतो, अपेक्षा काहीही असो. त्यामुळे प्रत्येक वेळी 'अपेक्षेपेक्षा जास्त' हाच निरोप जातो, आणि मेंदू तोच धडा पुन्हा पुन्हा गिरवत राहतो.

त्या धड्यात आजूबाजूचं सगळं नोंदलं जातं. गुंडाळलेली नोट, ठरावीक मित्राचा फोन, शनिवारची संध्याकाळ, एखादा नाका, पगाराचा मेसेज. २००८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अ‍ॅना रोज चाइल्ड्रेस यांच्या गटाने कोकेनच्या आहारी गेलेल्यांना कोकेनशी संबंधित चित्रं फक्त ३३ मिलिसेकंद दाखवली. इतक्या कमी वेळात चित्र दिसल्याचं माणसाला कळतही नाही. तरीही त्यांच्या मेंदूतले भावना आणि ओढ यांच्याशी जोडलेले भाग चेतले. मुलगा सांगतो, "सकाळी ठरवलं होतं घ्यायचं नाही, संध्याकाळी कसा गेलो कळलंच नाही." यात बहाणाही असू शकतो. पण कळण्याआधीच मेंदू कामाला लागलेला असतो, हेही प्रयोगात दिसलेलं आहे.

आणि वेळ गेला की हे आपोआप विझत नाही. २००१ साली 'नेचर' या नियतकालिकात याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कोकेनची सवय लागलेल्या उंदरांचं कोकेन बंद केलं आणि वेगवेगळ्या अंतराने त्यांना जुन्या खुणा दाखवल्या. पहिल्या दिवसांपेक्षा दोन महिन्यांनी ते त्या खुणांमागे जास्त धावले. माणसांमध्ये मेंदूच्या विद्युत लहरी मोजल्यावरही, सोडल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत खुणांना मिळणारा प्रतिसाद आधी वाढतो आणि मग उतरतो, असं आढळलं. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेला मुलगा 'ठणठणीत' दिसत असतो, त्याच सुमाराला त्याच्या मेंदूत तलफ चढणीला लागलेली असू शकते. घरचे नेमके तेव्हाच निर्धास्त होतात, आणि त्याला जुन्या मित्राच्या लग्नाला एकट्याने पाठवतात.

दुसरा बदल रिसेप्टरांमध्ये होतो. सततच्या पुराला तोंड देताना पलीकडची पेशी आपले रिसेप्टर कमी करते. कोकेन आणि मेथ घेणाऱ्यांच्या मेंदूची पेट स्कॅनने तपासणी केल्यावर डी-टू नावाचे रिसेप्टर कमी आढळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेचं नेतृत्व दीर्घकाळ करणाऱ्या नोरा वोल्को यांचं यात मोठं काम आहे. रिसेप्टर कमी म्हणजे रोजच्या साध्या गोष्टींचा निरोपच नीट पोचत नाही. आईच्या हातचं जेवण, क्रिकेट, स्वतःचं मूल, सगळं फिकं वाटतं. पदार्थ बंद केल्यावरचे दिवस तर फार जड असतात: अखंड झोप, प्रचंड भूक, नैराश्य, कधी आत्महत्येचे विचार. दारू सोडताना हात थरथरतात, गर्द सोडताना अंग मोडून येतं. ते घरच्यांना दिसतं. उत्तेजक सोडणारा नुसता पलंगावर पडून असतो आणि घरचे म्हणतात, आळशी झालाय. या दिवसांत त्याला एकटं सोडू नये.

रिसेप्टर कमी असणं हे नेहमी पदार्थाचंच फळ असतं असंही नाही. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात आधी एकेकटी ठेवलेली माकडं नंतर कळपात ठेवली. कळपात ज्यांना वरचं स्थान मिळालं त्यांच्यात डी-टू रिसेप्टर वाढल्याचं दिसलं, आणि त्यांनी कोकेनही कमी घेतलं. खालच्या पायरीवर राहिलेल्यांचे रिसेप्टर वाढले नाहीत. त्यांनी कोकेन जास्त घेतलं. २००२ सालचा हा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो, कारण मेंदूतलं रसायन आणि समूहातलं आपलं स्थान यांचा धागा त्यात स्पष्ट दिसतो. अपमानित, बाजूला टाकलेला माणूस आणि मान मिळालेला माणूस, दोघांचे मेंदू पदार्थाला सारखेच सामोरे जात नाहीत.

तिसरा बदल कपाळामागच्या भागात होतो. पुढचा विचार करणं, इच्छेला आवर घालणं, 'आत्ता' आणि 'नंतर' यांची तुलना करणं, ही त्याची कामं. व्यसनाधीनांमध्ये या भागाचं काम मंदावलेलं दिसतं. त्याच वेळी पदार्थ घेण्याची कृती विचारपूर्वक निवडीकडून सवयीच्या यंत्रणेकडे सरकत जाते. विशी-पंचविशीपर्यंत हा भाग मुळातच पूर्ण घडलेला नसतो, म्हणून कॉलेजच्या वयात सुरू झालेलं व्यसन जास्त नुकसान करतं. पण आवर कमी झाला म्हणजे शून्य झाला असं नाही. पोलिस समोर उभा असताना बहुतेक जण घेत नाहीत. त्यामुळे "त्याच्या हातात काहीच नाही" असं म्हणणं चूक आहे, आणि "मनात आणलं तर उद्या सोडेल" हेही चूक आहे.

हृदय, रक्तदाब, पक्षाघात यांचे धोके वेगळेच. एका गोष्टीचा उल्लेख मात्र करायलाच हवा. मेथ, कोकेन आणि एमडीमुळे तीव्र संशय येऊ शकतो, आवाज ऐकू येतात, कातडीखाली किडे चालल्यासारखं वाटतं. अनेक घरांत याला बाधा समजून देवऋषी गाठला जातो. हा मेंदूचा आजार आहे, मानसोपचारतज्ज्ञाकडे त्यावर औषध आहे आणि उशीर केला तर मुलगा स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू शकतो.

मेंदू परत जुळतो का? बराचसा. २००१ साली वोल्को यांच्या गटाने मेथ घेणाऱ्या पाच जणांचे मेंदू, मेथ सोडल्यानंतर काही महिन्यांतच तपासले आणि १२ ते १७ महिने मेथपासून दूर राहिल्यावर पुन्हा तपासले. डोपामाइन उपसणारी प्रथिनं मेंदूच्या एका भागात १९ टक्के आणि दुसऱ्यात १६ टक्के वाढलेली होती. पाचच माणसं, त्यामुळे आकड्यांवर फार भार टाकू नये. स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत मात्र तितकी सुधारणा नव्हती. मला यातला कालावधी महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे महिना-तीन महिने केंद्रात ठेवलं की 'कोर्स पूर्ण' झाला असं मानतात. मेंदूला लागणारा वेळ वर्षाच्या हिशोबात मोजावा लागतो. पाच महिन्यांनी एकदा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा घेतलं गेलं, म्हणून सगळं पाण्यात गेलं असं समजून मुलाला घराबाहेर काढणारे वडील मेंदूला हवा असलेला वेळच नाकारतात.

गर्द सोडायला ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध आहे. कोकेन, मेथ किंवा एमडीसाठी असं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. २०२१ साली मेथवर नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि बुप्रोपिऑनची गोळी एकत्र देऊन मोठी चाचणी झाली. १३.६ टक्के लोकांना फायदा झाला. नुसतं खोटं औषध दिलेल्यांत तो २.५ टक्के होता. आशा आहे, पण थोडी. सर्वांत भक्कम पुरावा एका साध्या वाटणाऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे. लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच, तिथल्या तिथे, छोटं बक्षीस किंवा कूपन द्यायचं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत २०११ पासून हे चालू आहे. "न घेण्याचे पैसे द्यायचे?" असा राग अनेकांना येतो. पण ज्या मेंदूला दूरचं फळ दिसेनासं झालंय त्याला जवळचं, खात्रीचं फळ दाखवणं यात शास्त्र आहे. घरीही हे जमतं: दर आठवड्याला, न चुकता, त्याची दखल घ्यायची. महिनाभर गप्प बसून शेवटी भाषण द्यायचं नाही.

२०१८ सालचा आणखी एक प्रयोग. मेथ किंवा हेरॉइनची सवय लागलेल्या उंदरांपुढे दोन खटके ठेवले, एक पदार्थाचा आणि एक दुसऱ्या उंदराच्या सहवासाचा. त्यांनी जवळजवळ नेहमी सहवास निवडला. सहवास मिळायला उशीर होऊ लागला किंवा त्यासोबत शिक्षा मिळू लागली, की ते पदार्थाकडे वळले. उंदरावरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही हे मान्य. तरी पुण्यातल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून गटचर्चा, फॉलोअप आणि व्यसनातून बाहेर पडलेल्यांची सोबत यांवर जो भर आहे, तो मेंदूच्या बाजूनेही योग्य ठरतो.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरं उपचार टाळतात. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतलं जाऊ शकतं. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसची १४४१६. आणि पदार्थ घेतल्यावर छातीत दुखू लागलं, झटका आला, अंग भाजल्यासारखं तापलं किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावं आणि डॉक्टरांना काय घेतलं, कधी घेतलं ते खरं सांगावं. उपचार त्यावरच ठरतात.